धाकट्याची पुढची तारीख

कोर्टात सगळे त्याला भोंगा म्हणत. पाठीमागे नाही, चक्क तोंडावर. आणि तो ओही देत असे. घरी तो दादा होता. पण दादा म्हणणारं माणूस घरात एकच होतं, आणि ते पळून गेलेलं.

भोंग्याचं काम पुकाऱ्याचं. खटला सुरू होण्याआधी दालनाच्या दारात उभं राहायचं, आरोपीचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव खणखणीत आवाजात तीनदा घ्यायचं आणि शेवटी ‘हाजिर हो’ जोडायचं. आरोपी आला तर त्याला आत सोडायचं, नाही आला तर आत जाऊन नाही आला म्हणून सांगायचं. एवढ्यासाठी सरकार त्याला पगार देत असे आणि अधूनमधून बूट. आवाज असा, की एकदा मागच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या खुर्चीतून एक आरोपी गळ्यात फडकं आणि एका गालावर साबण घेऊन धावत आला होता. त्याला जामीन मिळाला. उरलेली दाढी त्याने नंतर केली.

त्या सकाळी कारकुनाने दिवसभराच्या प्रकरणांचा कागद त्याच्या हातात ठेवला आणि बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तशा सुरात म्हणाला, “भोंग्या, दुसरं प्रकरण तुझ्या घरचंच आहे बरं का.”

भोंग्याने वाचलं. पहिलं नाव धाकट्याचं. पुढची दोन त्याची स्वतःचीच: तेच वडील, तेच आडनाव. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर पुकाऱ्याचा मोठा वाटा त्याच्यावरच येत होता.

तो न्यायाधीशबाईंच्या खोलीत गेला.

“मॅडम, दुसऱ्या प्रकरणातला आरोपी माझा सख्खा भाऊ आहे.”

बाईंनी चष्मा काढला. “मग निःपक्षपातीपणे पुकारा करता येईल तुम्हाला?”

“नुसतं नावच घ्यायचंय, मॅडम. बाजू घ्यायची नाही.”

बाईंनी विचार केला. दुसऱ्या शिपायाच्या घशाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं होतं, आणि हातवारे करून पुकारा करण्याची सोय कायद्यात नव्हती. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पण आवाज रोजचाच हवा. कमी नको, जास्त नको.”

भोंगा दारात उभा राहिला आणि त्याने रोजच्याच आवाजात आपल्या भावाला हाक मारली. लहानपणी संध्याकाळी जेवायला बोलावताना हेच नाव तो असंच ओरडायचा, तेव्हा बापाचं नाव जोडावं लागत नव्हतं. तोंडाने तो ‘हाजिर हो’ म्हणत होता आणि मनात घोकत होता, येऊ नकोस रे बाबा, येऊ नकोस. दुसरी हाक. तिसरी. व्हरांड्यातल्या बाकावरची दोन-चार माणसं उगाच उठून पुन्हा बसली. आलं कोणीच नाही.

“आरोपी गैरहजर, मॅडम,” भोंगा आत येऊन म्हणाला. नोकरीत आल्यापासून हे वाक्य इतक्या आनंदाने तो कधी बोलला नव्हता.

“मग त्याच्या गैरहजेरीतच चालवू,” बाई म्हणाल्या, आणि भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण हे असं होईल हे त्याच्या गणितात कुठेच नव्हतं, आणि सगळं गणित त्याचंच होतं.

धाकटा गाद्यांच्या गोदामात रात्रपाळीचा रखवालदार होता. छतापर्यंत रचलेल्या शेकडो गाद्यांच्या मध्ये एका लाकडी स्टुलावर बसून जागं राहायचं, हे काम ज्याच्या डोक्यातून निघालं तो माणूस मुळातच दुष्ट असला पाहिजे. एका पहाटे गोदाम पेटलं. शेजारच्या घराची भिंत कोसळली आणि त्या घरातल्या एकट्या म्हाताऱ्याचा पाय कायमचा गेला. गोदामाच्या मालकाने पोलिसांना सांगितलं की रखवालदाराला रजा नाकारली होती, तेव्हा तो ‘एक दिवस जाळून टाकीन’ असं म्हणाला होता. ते तो म्हणाला होताच. तिथले सगळेच दिवसातून एकदा तरी म्हणत.

उजाडता उजाडता धाकटा घरी आला. भुवया करपलेल्या, अंगाला जळक्या कापसाचा वास.

“दादा, मी चौकीवर जातो,” तो म्हणाला. “झालं ते सांगून मोकळा होतो. मी काही केलेलं नाही.”

“बस खाली,” भोंगा म्हणाला. “म्हणे मोकळा होतो! तू सांगशील एक, ते लिहितील दुसरं. मग खटला उभा राहीपर्यंत तू आत. मी रोज बघतो ना, म्हातारे होऊन येतात लोक निकाल ऐकायला. तू पळ.”

“पळू?”

“आरोपी सापडत नाही तोवर खटला चालतच नाही. फाइल कपाटात जाते. ते कपाट माझ्या नजरेसमोर असतं. चांगली धूळ बसली, लोक विसरले, की ये परत.”

भोंग्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “भावजींनी काही केलंय का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग पळायचं कशाला?”

“तुला कोर्टातलं कळत नाही,” भोंगा म्हणाला. हे वाक्य तिने नंतर त्याला पुष्कळदा ऐकवलं. मुद्दाम कधीच नाही, भाजी चिरता चिरता, सहज.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण भोंगा त्या दिवशी भलताच हुशार झाला होता. पोलीस पळालेल्याला कसं परत आणतात हे त्याने पाहिलं होतं. बहिणीकडून निरोप जातो, केस मिटली, ये घरी. पोरगं हसत हसत येतं, दारातच बेड्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी भोंगा त्याचं नाव पुकारतो.

“नीट ऐक,” तो धाकट्याला म्हणाला. “फोन नाही, पत्र नाही. आणि कोणी येऊन म्हणालं ना, की केस संपली, चल घरी, तर समजायचं सापळा आहे. तिथून आणखी लांब पळायचं. मी म्हणालो तरी.”

“तू म्हणालास तरी?”

“मी म्हणालो तर सगळ्यात आधी पळायचं. मानेवर कोणी हात ठेवल्याशिवाय मी कशाला म्हणेन?”

धाकट्याने मान डोलावली. मग म्हणाला, “पण खरंच संपली तर मला कळणार कसं?”

“ते मी बघतो,” भोंगा म्हणाला.

त्याने ते कधीच बघितलं नाही. धाकट्याने जन्मात कोणाचं काही ऐकलं नव्हतं. अभ्यास कर म्हटलं तर झाडावर चढायचा, झाडावरून उतर म्हटलं तर आणखी वर जायचा. हेही तो ऐकणार नाही, असं भोंग्याने मनात कुठेतरी धरून ठेवलं असावं. वहिनीने बांधून दिलेला डबा घेऊन धाकटा मागच्या दाराने गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दादाचा शब्द न् शब्द पाळू लागला.

धूळ बसायला लागली होती. कपाटाजवळून जाताना भोंगा फाइलवर बोट फिरवून बघायचा आणि समाधानाने बोट पुसायचा. आणि त्या सकाळी बाईंनी नवा नियम वाचून दाखवला: आरोपी पळालेला असेल तर त्याच्यावाचून खटला चालवा, त्याला सरकारी खर्चाने वकील द्या, आणि त्याच्या शेवटच्या पत्त्यावर दाराला नोटीस चिकटवा. शेवटचा पत्ता म्हणजे भोंग्याचं घर. नोटीस घेऊन कोर्टातलाच बेलीफ आला. डिंक आणायला विसरला होता.

“वहिनी, डिंक आहे का हो घरात?”

भोंग्याच्या बायकोने बाटली आणून दिली. “घ्या. आमचंच दार, आमचाच डिंक. कागद तेवढा सरकारचा.”

सरकारने दिलेली वकीलबाई नवी होती, काळ्या कोटाच्या घड्या अजून मोडायच्या होत्या. पहिल्याच दिवशी तिने भोंग्याला जिन्यात गाठलं. “मला तुमच्या भावाशी बोलायचंय.”

“मलाही,” भोंगा म्हणाला.

खटला भराभर चालला. आरोपी नसला की तुरुंगाची गाडी उशिरा येण्याचा प्रश्न नसतो, आरोपीच्या पोटात दुखत नाही, आरोपी मध्येच रडत नाही. रिकाम्या कठड्यासमोर सगळे कसे शिस्तीत वागत होते. भोंगा प्रत्येक तारखेला तीन हाका मारायचा आणि मग दाराशी उभा राहून आत आपल्या भावाचं काय होतंय ते बघायचा.

गाद्यांच्या मालकाची साक्ष निघाली. सरकारी वकील जुना माणूस, वर्षानुवर्षं तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारत आलेला. ओघात त्याने विचारलं, “तो रखवालदार आज कोर्टात हजर आहे का? असेल तर दाखवा.”

सगळ्यांनी रिकाम्या कठड्याकडे पाहिलं. मालकाने मात्र संपूर्ण दालनावर नजर फिरवली, एका जागी थांबवली, आणि ठामपणे बोट दाखवलं. “हा काय. दाराशी उभा आहे.”

भोंग्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“तेच नाक, तीच उभं राहायची ढब,” मालक म्हणाला. “शिपायाचा पट्टा घातला म्हणून काय ओळखणार नाही? माझ्यासमोर म्हणालाय हा, जाळून टाकीन.”

हशा पिकला. वकीलबाई मात्र हसली नाही, तिने फक्त उठून विचारलं, “खात्री आहे तुमची?”

“शंभर टक्के.”

“बसा,” ती म्हणाली.

मग त्या म्हाताऱ्याला आणलं. तो कुबड्यांवर आला, साक्षीदाराच्या पिंजऱ्याची पायरी चढवायला भोंग्यानेच त्याला धरलं. म्हाताऱ्याने वर पाहिलं आणि क्षणभर त्याचा हात भोंग्याच्या मनगटावर घट्ट झाला.

“आग लागली तेव्हा रखवालदाराला पाहिलंत?” वकीलबाईने विचारलं.

“पाहिलं म्हणजे? त्यानेच तर काढलं मला. भिंत पडल्यावर मी खाली अडकलो होतो. तो आला, वीट वीट काढली, एक गादी आणली, मला तिच्यावर घातलं आणि ओढत ओढत रस्त्यापर्यंत नेलं. सारखा म्हणत होता, आजोबा, झोपू नका, झोपायचं काम माझं.”

दालनात कोणी हललं नाही.

सरकारी वकील उठला. “हे तुमच्या जबाबात कुठेच कसं नाही?”

“मला कोणी विचारलंच नाही. पाय कसा गेला, एवढं विचारलं. तेवढं सांगितलं.” म्हातारा थोडा थांबला. “मी दवाखान्यात रोज विचारायचो, तो पोरगा कुठंय, त्याला बोलवा, दोन शब्द बोलायचेत. पोलीस म्हणाले, पळाला. मग मलाही वाटायला लागलं, की पळाला म्हणजे आग त्यानेच लावली असेल, आणि मग पस्तावून मला काढलं असेल. तो दुसऱ्या दिवशी नुसता येऊन दारात उभा राहिला असता ना, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं सगळ्यांना.”

भोंग्याने पट्ट्याचं बक्कल उगाच घट्ट केलं, मग सैल केलं, मग पुन्हा घट्ट केलं. दुसऱ्या दिवशी धाकटा येऊन उभा राहणारच होता. त्याला खाली कोणी बसवलं होतं?

शेवटी कायद्याप्रमाणे आरोपीला प्रश्न विचारायचे होते. न्यायाधीशबाईंनी ते कठड्याकडे बघून, एकेक करून, विचारले. आग तुम्ही लावलीत का? तुम्हाला आपल्या बाजूने काही सांगायचंय का? प्रत्येक प्रश्नानंतर त्या थोडा वेळ थांबत, आणि कारकून लिहून घेई: उत्तर नाही.

“ही चुप्पीच बोलकी आहे, मॅडम,” सरकारी वकील म्हणाला.

“मग कठड्यालाही आरोपी करा,” वकीलबाई म्हणाली. “तोही गप्प आहे.”

निकाल लागला. पुरावा नाही, साक्ष उलटीच आहे, आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे. दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात तो हवा नसेल तर त्याला ताबडतोब सोडण्यात यावं, असं बाईंनी वाचलं, आणि भोंग्याकडे पाहिलं. भोंगा गेला, कठड्याची कडी काढली आणि दार उघडून धरलं. इतर वेळी धरायचा तेवढाच वेळ धरलं. मग लावून घेतलं.

“अभिनंदन!” वकीलबाई बाहेर येऊन म्हणाली. ती तिची पहिलीच जिंकलेली केस होती, डोळे चमकत होते. “कळवा आता त्यांना, या म्हणावं.”

“हो,” भोंगा म्हणाला, आणि तसाच उभा राहिला. आता कुठे त्याला ते ‘ते मी बघतो’ आठवलं.

धाकटा कुठे आहे ते घरी माहीत होतं. बायकोचा मामेभाऊ ट्रक चालवायचा, त्याने त्याला लांबच्या एका बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढताना पाहिलं होतं, आणि शहाण्यासारखं ओळख न दाखवता निघून आला होता. प्रश्न होता तो काय सांगावं याचा. ‘केस संपली’ म्हणायची सोय नव्हती. आई आजारी आहे म्हणावं, तर आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“म्हणावं, दादाने माफी मागितलीय,” बायको म्हणाली.

“त्यावर तर तो अजिबात विश्वास ठेवणार नाही.”

“तेही खरंच.”

शेवटी मामेभावाला बजावलं, की फक्त भेट, घरी सगळे बरे आहेत म्हण, वहिनी आठवण काढते म्हण, आणि परत ये. पण मामेभाऊ साधा माणूस. कारखान्याच्या फाटकात धाकटा दिसला आणि याला राहवलंच नाही. “अरे, सुटलास तू!” तो लांबूनच ओरडला. “कोर्टाने सोडलं तुला!”

धाकट्याने हातातला लाद्या ओढायचा आकडा खाली ठेवला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “हो का? वा,” तो म्हणाला. “थांब, सामान घेऊन येतो.” आणि आत गेला. मामेभाऊ संध्याकाळपर्यंत थांबला. कारखान्याला मागेही एक दार होतं.

“चपला पण टाकून गेला,” मामेभाऊ परत येऊन सांगत होता. “चांगल्या होत्या.” त्याने त्या आणल्या होत्या. भोंग्याच्या बायकोने त्या पुसल्या आणि दाराशी ठेवल्या.

मग बरेच महिने काहीच नाही. भोंगा रोज दुसऱ्यांची नावं पुकारत होता, आणि दुसऱ्यांचे आरोपी येत होते.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, तो जिन्याखाली डबा उघडून बसला असताना फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“दादा, तू ठीक आहेस ना?” धाकट्याचा आवाज. “फोन करायचा नाही माहितीये मला. पण राहवेना. त्यांनी तुला धरलंय का?”

भोंग्याच्या हातातला घास डब्यात पडला. “कोण धरणार मला? अरे, कुठे आहेस तू? ऐक, तू खरंच सुटलास. निकाल लागला. तो म्हातारा आला होता कोर्टात, त्याने सगळं सांगितलं, गादीवर घालून ओढलंस ते...”

धाकट्याने त्याला मध्येच तोडलं.

“तुझ्या शेजारी कोण उभं आहे, दादा?”

“कोणी नाही. डबा आहे.”

“डबा.”

“अरे, मी तुझा भाऊ बोलतोय!”

“तू आहेस हे कळतंय ना मला. तेच तर. तू म्हणाला होतास, मी म्हणालो तर सगळ्यात आधी पळ.”

“मी गाढव होतो तेव्हा!”

“आता कोणीतरी तुला हेही म्हणायला लावतंय.” धाकट्याने आवाज खाली आणला. “मारतायत का रे तुला?”

“निकालाची प्रत आहे माझ्याकडे, शिक्का मारलेली. पाठवतो.”

“शिक्के त्यांच्याकडेच असतात, दादा. तूच सांगायचास.” मग घाईघाईने तो म्हणाला, “मी ठेवतो. हा फोनही टाकून देतो. इथूनही निघतो. तू घाबरू नकोस, मी तुझं सगळं ऐकतोय. वहिनीला सांग.”

“थांब!” भोंगा ओरडला. वरच्या मजल्यावर कोणीतरी ‘हजर, हजर’ म्हणत धावल्याचा आवाज आला. भोंग्याने डोळे मिटले. आता जे बोलायचं ते बोलायला एक श्वासच उरला होता. “थांब. बरोबर ओळखलंस. होते इथे दोघं. आता गेले.”

“गेले?”

“गेले. केस चालूच आहे. कसला निकाल न् कसलं काय.”

धाकट्याने इतका लांब सुस्कारा सोडला, की तो फोनमधून भोंग्याच्या कानाला लागला. “बघ! मला वाटलंच. बरोबर वागलो ना मी?”

“बरोबर वागलास,” भोंगा म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे कोर्टाने सोडलेल्याला तुम्ही पुन्हा आरोपी केलंत.”

“नाहीतर फोन गेला असता. आणि तोही.”

“पुन्हा करेल ना पण?”

केला. अधूनमधून, जेवणाच्या सुट्टीत तो फोन करू लागला. कुठे आहे हे सांगत नसे, पण तब्येत बरी होती, काम बरं होतं, मालकीण चिडकी पण मनाने चांगली होती. भोंगा त्याला खटल्याची हकीकत सांगायचा. सांगावीच लागायची. आज काय झालं, तर सरकारी वकिलाला ढास लागली, तहकूब. आज साक्षीदाराने कारकुनालाच आरोपी म्हणून दाखवलं, तहकूब. धाकटा पोट धरून हसायचा. खरा खटला किती लवकर संपला होता, आणि हा खोटा कसा रेंगाळत चालला होता! भोंग्याने मनात एक बेत केला होता, की हळूहळू, तारखेमागून तारीख, खटला वळवत न्यायचा. म्हाताऱ्याला पुन्हा आणायचं, साक्ष द्यायला लावायची, धाकट्याचा विश्वास बसेपर्यंत थांबायचं, आणि मग एक दिवस निकाल सांगायचा. बायकोला तो बेत पटला होता. चपला तिने आत नेल्या नव्हत्या.

म्हाताऱ्याची साक्ष त्याने अगदी रंगवून सांगितली. एक शब्दही पदरचा घालावा लागला नाही.

धाकट्याने विचारलं, “असं म्हणाले आजोबा?”

“असंच. सगळं कोर्ट गप्प झालं होतं.”

“बरे आहेत ना ते?”

“बरे आहेत. तुला भेटायचंय म्हणतात.” भोंग्याने आवाज शक्य तितका साधा ठेवला. “वारं आपल्या बाजूचं दिसतंय रे. मला वाटतं, तू सुटणार.”

“दादा,” धाकटा म्हणाला, “शिक्षा झाली तर सांगशील ना? उगाच लपवू नकोस.”

“सांगेन.”

“आणि सुटलो,” तो जरा अडखळला, “सुटलो तर मात्र सांगू नकोस हं. मग इथूनही पळावं लागेल. आत्ता कुठे जरा बस्तान बसलंय.”

वरून कारकुनाने हाक मारली, सुट्टी संपली होती. भोंग्याने डबा बंद केला.

“नाही सांगत,” तो म्हणाला.

“पुढची तारीख कधीची पडली?”

भोंग्याने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि त्याला एक लांबची तारीख दिली.